अधिकातलं मेहूण

"रविवारी दुपारी जेवायला या दोघी. मेहूण म्हणून बोलावतेय हो, उशीर करू नका," एवढं बोलून रमाकाकूंनी फोन ठेवला. मागे कुकरची शिट्टी झाली होती, तेव्हा घाईत ठेवला असेल. तरी शर्वरीनं मोबाइल कानापासून काढला नाही. कूलरमधून वाळ्याच्या ओल्या वासाचा वारा तोंडावर येत होता आणि घाम मात्र मानेवरून पाठीत उतरत होता. जेवणाच्या बोलावण्यात नवल काही नव्हतं. अधिक महिना लागलेला, जयपुरात मराठी घरं मोजकी, आणि रमाकाकूंचा स्वभाव असा की कुरिअर घेऊन आलेल्या माणसालाही गूळपाणी दिल्याशिवाय त्या पायरी उतरू द्यायच्या नाहीत. पण मेहूण? मेहूण म्हणजे नवरा-बायको, एवढं मराठी तिलाही येत होतं. जन्म इथल्याच मिलिटरी हॉस्पिटलातला, शाळा हिंदीतली, मराठी बोलताना मधेच 'मतलब' आल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही, तरी हा शब्द तिनं लहानपणी डोळ्यांनी पाहिला होता. लष्करी क्वार्टरच्या एवढ्याशा खोलीत आई साताऱ्याहून आणलेले दोन पाट मांडायची, कोल्हापूरकडचे सुभेदार आणि त्यांची बायको शेजारी शेजारी बसायची, आई त्यांचे पाय परातीत धुवायची. एवढे मिशीवाले सुभेदार, पण आईनं पायावर पाणी घातलं की गुदगुल्या झाल्यासारखे लाजायचे. "आज ते सुभेदार नाहीत, लक्ष्मीनारायण आहेत," आई म्हणायची. "हसायचं नाही."

म्हणजे रमाकाकू चुकून बोलल्या? सवयीनं? गेल्या आठवड्यात मंडळाच्या कीर्तनात त्या सगळ्यांना सांगत होत्याच, की या गावात अधिकात मेहूण मिळायचं म्हणजे दुष्काळ, जोडपी सगळी सुट्टीला आपापल्या गावी. तोच शब्द जिभेवर राहिला असेल. पण रमाकाकूंची जीभ अशी घसरणारी नव्हती. सीतापुऱ्यातल्या ज्या कारखान्यात शर्वरी कापडाचे नमुने तपासायची, तिथे त्या क्वालिटीच्या मुख्य होत्या. तिथे त्यांना सगळे रमा मॅडम म्हणायचे, शर्वरीसुद्धा. शिवणीतला एक टाका सुटला तर अख्खा गठ्ठा परत पाठवणारी बाई. आणि कायद्यानं प्रत्येक कंपनीत बायकांच्या तक्रारींसाठी जी समिती लागते, तिच्या अध्यक्षही त्याच. शर्वरीची तक्रार त्यांच्याचपुढे चालू होती. पुढची सुनावणी सोमवारी. आणि सोमवारच्या आदल्या दिवशी मेहूण! न्यायाला बसलेली बाई तक्रार करणारीला जेवायला बोलावते, ते काय उगाच? जाळं टाकताना आधी दाणेच टाकतात.

तिला तो समितीचा दिवस आठवला, म्हणजे तो गेलाच कुठे होता. नमुन्यांचे हँगर भिंतीला सरकवून मोकळी केलेली ती खोली, बाहेरून आलेल्या वकीलबाई, कोपऱ्यात हिशेबातल्या विमल मॅडम, मधे रमा मॅडम आणि समोरच्या खुर्चीत रणजीत सर, प्रॉडक्शनचे मॅनेजर, पाय पसरून बसलेले, जणू लग्नाच्या मांडवात पानाची वाट पाहत आहेत. बगरूहून परतताना गाडीत त्यांनी काय केलं हे तिनं हिंदीत सांगितलं, कारण हिंदीत सांगताना ते दुसऱ्या कोणाचं वाटत होतं. बगरूला कापडाच्या छापखान्यात दिवसभर उभं राहून पाय भरून आले होते, बोटांना निळीचा आंबूस वास होता, शेतात वाळत घातलेल्या कापडाच्या लांबच लांब पट्ट्या खिडकीतून मागे जात होत्या. आणि मांडीवर हात आला. आधी तिला वाटलं नमुन्यांची पिशवी कलंडली. मग हात सरकला आणि तोंड कानाशी आलं, "मुझे सब पता है तुम्हारा. एक बार ढंग के आदमी के साथ रहके देखो, ठीक हो जाओगी." ठीक! जणू ती उलट्या बाजूनं शिवलेली बाही होती. पवन, कंपनीचा ड्रायव्हर, त्यानं आरशात पाहिलं. तिनं त्याचे डोळे पाहिले. मग त्यानं हात वर करून आरसाच छताकडे वळवला. समितीपुढे तो म्हणाला, "मैडम, मैं तो सामने रोड देख रहा था, ट्रक बहुत थे." ट्रक होतेही बहुधा. खोटं बोलणारी माणसं खऱ्याचाच एक तुकडा हातात धरून उभी असतात.

आणि तीही उभी होतीच की तशी. वकीलबाईंनी मधेच हात वर करून सांगितलं होतं, "कानून औरत को बचाता है, रणजीत जी. कौन सी औरत, ये नहीं पूछता." तेवढ्यानं तिला बळ आलं होतं. पण रणजीत सर हसले आणि म्हणाले, "मैं सिर्फ़ इतना कह रहा हूँ कि जिसको मर्दों से ही चिढ़ हो, उसकी बात का क्या भरोसा. पहले इनसे पूछिए, घर में जो रहती है वो बहन है क्या?" रमा मॅडम टेबलावर बोट आपटून म्हणाल्या, "वो विषय नहीं है यहाँ." विषय नव्हता. कोणी विचारलेलं नव्हतं. गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण शर्वरीच्या तोंडून गोळी सुटावी तसं सुटलं, "बहन है. मौसी की बेटी." ते समितीच्या नोंदीत गेलं. रमा मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ, उजेडाकडे धरलेल्या कापडाकडे पाहतात तसं. मंडळात, घरमालकिणीकडे, तिच्याबरोबर राहणाऱ्या स्वानंदीच्या शाळेत, सगळीकडे हेच सांगितलेलं होतं. मावसबहिणी. सुप्रीम कोर्टानं कधीच सांगून टाकलंय की दोन बायकांनी एकमेकींवर जीव लावणं हा गुन्हा नाही, पण जगतपुऱ्यातल्या घरमालकिणीला तो निकाल कोण वाचून दाखवणार? आणि आता ते एक खोटं असं बसलं होतं, की रणजीत सरांनी ते ओढून काढलं तर त्याच्यामागून तिचं सगळं खरं उसवत जाणार होतं. बहीण खोटी, तर मांडीवरचा हातही खोटा.

स्वानंदी भाजी घेऊन आली ती घामानं थबथबलेली, पिशवीतून कैऱ्या काढून आधी नाकाला लावणारी. लातूरकडच्या रेल्वे कारकुनाची मुलगी, वडिलांची बदली झाली तरी शाळेतल्या संगीत शिकवण्याच्या नोकरीसाठी मागे राहिलेली. निदान लोकांना कारण तेवढंच माहीत. शर्वरीनं बोलावणं सांगितलं तेव्हा ती कैरी हातात धरून खाली बसली.

"मेहूण? मेहूण म्हणाल्या?"

"तू काही बोललीस का त्यांना?"

"मी? मी काय बोलणार?"

"मतलब, कीर्तनाच्या वेळी. बायकांत बसून. तू बोलायला लागलीस की भान राहत नाही."

"शर्वरी, माझ्या शाळेतली मुख्याध्यापिका रोज विचारते, लग्नाचं काय. मी रोज सांगते, ताईचं झाल्याशिवाय नाही. ताई कोण? तू. एवढं नाटक करणारी बाई रमाकाकूंना जाऊन सांगेल?" मग ती एकदम हसली. "पण मला एक सांग, पाटावर उजवीकडे कोण बसायचं?"

शर्वरीला हसू आलं नाही. तिला स्वानंदीच्या हसण्याचाही संशय आला, आणि संशय आल्याची लाज, आणि लाजेच्या मागून पुन्हा संशय. रणजीत सरांना कुणी सांगितलं होतं? घरमालकिणीचा भाचा त्याच कारखान्यात पॅकिंगला होता. पवन एकदा गाडीनं सोडायला आला होता, तेव्हा स्वानंदीनं बाल्कनीतून हात केला होता, बहीण करते त्याहून जरा जास्त वर उचलून. दूधवाला दोन कप चहा आणि एक अंथरूण पाहून जायचा. गेल्या कित्येक महिन्यांत शर्वरीनं माणसांकडे सरळ पाहणंच सोडलं होतं. प्रत्येक चेहऱ्याच्या मागे, कापड उलटं करून पाहावं तसं ती पाहायची, गाठी कुठे आहेत ते. आणि कापड असं आहे की उलटं केलं तर गाठी सापडतातच, चांगल्यातल्या चांगल्या कापडाला सापडतात. रमाकाकूंना ती ओळखायची वर्षानुवर्षं. कीर्तनकारबुवा पूर्वरंग लावत असतील तोवर त्या डोळे मिटून डोलायच्या आणि कथा सुरू झाली की पदर डोळ्यांना. अशा बाईच्या मनात काळंबेरं असेल? पण रडणाऱ्या बायकांनीच तर तिच्या आईला सांगितलं होतं, मुलीला फार शिकवू नका, हातची जाईल.

रविवारी तापलेल्या वाऱ्याची लू वाहत होती. स्कूटरवर तोंडाला ओढणी बांधून दोघी निघाल्या. स्वानंदीनं नारायणपेठ नेसली होती आणि पदर घट्ट खोचून मागे बसली होती. शर्वरी मुद्दाम रोजच्या कुर्त्यात होती. तिचं ठरलं होतं. दारातच सांगायचं, काकू, सोमवार होईपर्यंत आम्ही जेवू शकत नाही, चौकशीला बाधा येईल, रणजीत सर म्हणतील अध्यक्षांनी जेवू घातलं. हे कारण चांगलं होतं, कायद्याचं होतं, त्याच्याआड ती अख्खी उभी राहू शकत होती. त्या पाटावर बसणं म्हणजे कबुली. सोमवारी कुणी विचारलं, मावसबहिणी कधीपासून मेहूण व्हायला लागल्या, तर? मागून स्वानंदीचा हात तिच्या कमरेवर होता. सिग्नलला रिक्षातल्या एका बाईनं पाहिलं तसा शर्वरीनं तो नकळत काढला.  सिग्नल सुटल्यावरही स्वानंदीनं हात परत ठेवला नाही, सीटमागचा दांडा धरला.

दार उत्तमकाकांनी उघडलं. रमाकाकूंचे यजमान, भुसावळचे, रेल्वेत गार्ड म्हणून निवृत्त झालेले, सरळ ताठ, कपाळावर बुक्क्याचा ठिपका. त्यांनी दोघींकडे पाहिलं, मग दोघींच्या मधल्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, "या" म्हणाले आणि लगेच चपला पायात सरकवल्या. "बर्फ आणतो," एवढं बोलून जिना उतरूनही गेले. एवढ्या उन्हात? फ्रिज काय बंद आहे यांचा? शर्वरीनं त्यांच्या पाठीकडे पाहिलं. उठून गेला माणूस. आपण बसलेल्या पंगतीला नको म्हणून गेला. आत तळणाचा आणि वेलदोड्याचा वास होता, आणि समोर देवाच्या कोनाड्यापुढे दोन पाट शेजारी शेजारी मांडलेले, भोवती रांगोळी, दोन ताटं, दोन्ही ताटांना एकच महिरप. बाकी कुणाचं पान नव्हतं. म्हणजे चुकून नव्हतंच. चुकून कुणी रांगोळी काढत नाही.

"काकू, आम्ही जेवणार नाही," ती उभ्याउभ्याच म्हणाली. ठरवलेलं सगळं एका दमात बोलली, चौकशी, बाधा, रणजीत सर, अध्यक्ष. मराठी कमी पडलं तिथे हिंदी घातलं.

रमाकाकू झाऱ्यातला धोंडा निथळवत ऐकत होत्या. पुरण भरलेला तो गोळा तेलातून काढून ताटलीत ठेवला, गॅस बारीक केला आणि हात पुसत बाहेर आल्या. "अध्यक्ष कोण? मी नाहीये आता. शुक्रवारी सकाळी मालकांना सांगून आले, दुसरं कुणी बसवा म्हणून. विमल मॅडम बसतील उद्यापासून. ते झाल्यावर तुला फोन केला व माय, आधी नाही."

बसतील कोण, तर विमल मॅडम! हिशेबातल्या विमल मॅडम रणजीत सरांना राखी बांधायच्या, अख्ख्या ऑफिसला पेढे वाटून. म्हणजे ही बाई सुटली. हात झटकून मोकळी झाली आणि आता पापाला उतारा म्हणून पुरणाचे धोंडे खाऊ घालतेय. "तुम्ही सोडलं? एक तुम्हीच होतात माझ्या बाजूच्या!"

"तेच तर," काकू म्हणाल्या. "त्या खुर्चीला बाजू नसते, पोरी. आणि मला बाजू होती. बैस तर खरी."

ती बसली नाही. स्वानंदीनं मात्र भिंतीला टेकून खाली बसत विचारलं, "काकू, पण का सोडलंत?"

"तिला विचार. बगरूहून आली त्या दिवशी ही माझ्या टेबलाशी उभी होती. कापडाची रुंदी मोजायला दिली, तर हिच्या हातात टेप ठरेना. तीनदा पडला. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाली, ऊन लागलं. मी पाहिलंय ते. त्या पवन्यानं आरसा फिरवला, बरोबर? पण मी कुठे फिरवलाय? आता सांग, न्यायाला बसलेली बाई स्वतःच उठून साक्ष देऊ शकते का? वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, दोन्ही नाही जमणार, एक काहीतरी करा. मग मी खुर्ची सोडली. उद्या मी साक्षीला येणार आहे."

कूलरचा आवाज एकदम मोठा वाटला.  विश्वास ठेवायची सवय मोडली की ती पायाला मुंग्या आल्यासारखी परत येते, आधी टोचत. "पण रणजीत सर म्हणतील, जेवायला घालून साक्ष पढवली."

"म्हणू दे. मीच आधी सांगणार, काल माझ्याकडे जेवायला होत्या. चोरून थोडंच वाढतेय?" काकूंनी तिच्या हनुवटीला हात लावला, तळणाचा, गरम. "पण एक आहे. तू त्या खोलीत एक खोटं बोललीस. कुणी विचारलं नसताना. माझी साक्ष तुझ्या खऱ्याच्या जवळ ठेवायची आहे मला. त्या बहिणीच्या जवळ ती नासेल."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" प्रश्न तिनं काकूंना विचारला आणि पाहिलं स्वानंदीकडे.

"सांगायला कशाला पाहिजे? मागच्या उन्हाळ्यात कीर्तनात लाइट गेली होती. ही बया तुझ्या खांद्यावर झोपली, आणि तू अख्खा उत्तररंग हिला पुठ्ठ्यानं वारा घालत बसलीस. हात दुखला की हात बदलायचीस. मी बुवांकडे पाहत होते की तुमच्याकडे, देवालाच माहीत. आम्ही चौघी बहिणी गं. सख्ख्या बहिणी पंख्यासाठी भांडतात, वारा नाही घालत."

स्वानंदी पदरात तोंड घालून हसत होती की रडत होती, कळायला मार्ग नव्हता. शर्वरीनं मात्र अजून एक धागा सोडला नव्हता. "आणि काका? ते का गेले उठून?"

रमाकाकू आत जाऊन गॅस बंद करून आल्या. "त्यांना मी सांगितलंय. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. पण सकाळी पाहते तर पाट धुऊन उन्हात ठेवलेले. आता त्याचा अर्थ तूच लाव. मी त्यांच्याबरोबर जन्म काढला, मला लागत नाही." मग त्यांनी परात ओढली. "मी म्हणते म्हणून बसू नका. पण बसायचं तर खऱ्यानं बसा. मला मावसबहिणी जेवू घालायच्या असत्या तर ताटं स्वैपाकघरात वाढली असती."

आधी स्वानंदी उठली आणि डावीकडच्या पाटावर बसली. उजवीकडचा पाट रिकामा राहिला. शर्वरीनं त्याच्याकडे पाहिलं. घरमालकीण, शाळा, आई, त्या सगळ्या बायका, सगळे त्या रिकाम्या पाटाभोवती जमल्यासारखे वाटले. समितीतलं बोलणं बाहेर जाऊ नये असं कायदा म्हणतो, पण कॅन्टीनमध्ये चहाबरोबर काय काय बाहेर येतं ते तिला माहीत होतं. उद्या ती खरं बोलली तर घर जाईल कदाचित. स्वानंदीची नोकरी जाईल कदाचित. तिनं स्वानंदीकडे पाहिलं. स्वानंदी मान खाली घालून ताटाभोवतीच्या रांगोळीतला सांडलेला कण बोटानं जागेवर सारत होती. "मी काल रात्रीच ठरवलंय," ती मान वर न करता म्हणाली. "तुला वेळ लागतो, मला माहितीये. पण पुरण गार होतंय."

शर्वरी बसली. पायांवर पाणी पडलं तेव्हा तिला खरंच गुदगुल्या झाल्या, आणि मिशीवाले सुभेदार का लाजायचे ते इतक्या वर्षांनी कळलं. पाय धुऊन घेणाऱ्याला लपायला जागाच राहत नाही. काकूंनी दोघींच्या पायांना हळदकुंकू लावलं, वाकून नमस्कार केला. देवाला करतात तेवढाच, कमी नाही, जास्त नाही. मग धोंड्यांवर तुपाची धार सोडून म्हणाल्या, "नाव घ्या आता. त्याशिवाय घास नाही."

"काकू, मला उखाणा येत नाही."

"येईल तसा घे. देव काय यमक मोजत नाही."

ताटातल्या तुपाकडे पाहत, आत कुठेतरी समितीच्या खोलीतले ते हँगर, त्या खुर्च्या, विमल मॅडमचा बंद चेहरा समोर ठेवून, शर्वरी हळूच म्हणाली, "माझं नाव शर्वरी. स्वानंदी माझी बहीण नाही. आम्ही दोघींनी मिळून घर केलंय." तेवढंच. तेवढ्यानंच तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

जिन्यावर चपला वाजल्या होत्या, ते तिला उशिरा कळलं. उत्तमकाका दारात उभे होते. टॉवेलात गुंडाळलेला बर्फ हातात, त्याचं पाणी टपटप उंबऱ्यावर पडत होतं. किती वेळचे उभे होते कोण जाणे. त्यांनी पाटांकडे पाहिलं, धुतलेल्या पायांकडे पाहिलं.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं. "ऐकू नाही आलं. मोठ्यानं!"

उखाणा घेणाऱ्या प्रत्येक सुनेला पंगतीतून कुणीतरी असं म्हणतंच. ती थट्टा असते. शर्वरीनं त्यांच्या चेहऱ्यावर ती थट्टा शोधली. मिशीआड काही हललं का, डोळ्यांत काही चमकलं का. काही कळलं नाही. मग तिच्या ध्यानात आलं की उद्याही कुणाच्या चेहऱ्यावर काही कळणार नाही, आणि तरी बोलावं लागेल. मांडीवर स्वानंदीचा हात आला होता. तो तिनं काढला नाही.

"काकू," ती म्हणाली, "जरा कूलर बंद करा."

काकूंनी बटण दाबलं. कूलरची घरघर हळूहळू उतरत गेली आणि थांबली. मग तिनं नाव घेतलं.